पट्टा पडलेली चित्रं

नेताजी संकपाळच्या सलूनमध्ये दाढीला बसलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास मिळायच्या. गालाला तुरटी आणि कानाला भाषण. तुरटी नको म्हणता यायचं. भाषणाला इलाज नव्हता, कारण वस्तरा नेताजीच्या हातात असायचा.

इचलकरंजीत एव्हाना डोकं आत घालून केस कापून घ्यायची यंत्रं गल्लोगल्ली बसली होती. तरी नेताजीचं दुकान चालायचं. यंत्र केस चांगले कापतं, पण गप्पा मारत नाही, आणि या गावाला गप्पांशिवाय जगता येत नाही.

त्या दिवशी खुर्चीत दस्तगीर मुजावर होता. साड्या रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमधला जुना रंगमास्तर, आता घरी बसलेला. दर आठवड्याला यायचा, डोळे मिटून मान मागं टाकायचा आणि नेताजीचं भाषण निमूट ऐकून घ्यायचा. असा श्रोता भाग्यानं मिळतो.

“हे बघा दस्तगीरभाई,” नेताजीनं फेसाचा ब्रश आरशावरच्या चित्राकडं रोखला. “नळातनं पाणी न्हाई, साडी बाहेर पडायलीय. लाल भडक. आणि बायका त्या साडीनं घागरी भरायल्यात. काय डोकं असंल त्या माणसाचं!”

“असंल,” दस्तगीर फेसातून म्हणाला.

“आणि हात! हात बघा की. कुठं डाग न्हाई, पट्टा न्हाई. साफ.”

दस्तगीरनं एक डोळा उघडून वर पाहिलं. “छान हाय,” म्हणाला आणि डोळा परत मिटला.

सलूनच्या भिंतींवर अशी अकरा चित्रं होती. हातभर रुंद, दोन हात लांब, जाड कागदावर स्क्रीननं छापलेली. खाली सही एकच, भोंगा. सहीशेजारी पेन्सिलीनं नंबर, चाळीसपैकी सातवं, चाळीसपैकी तेविसावं. भोंग्याची अकराच्या अकरा चित्रं साऱ्या महाराष्ट्रात फक्त नेताजीकडं होती, आणि गावात नवा माणूस आला की त्याला हे कळायला एक दाढी पुरायची.

भोंगा कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

गोष्ट अशी, की पंधरा-सोळा वर्षांपूर्वी या गावाची नदी रोज नवा रंग नेसायची. प्रोसेसमध्ये ज्या रंगाच्या साड्या, त्या रंगाचं पाणी. लोकांनी तक्रारी केल्या. कागद वर गेले, वरून खाली आले, त्यांच्यावर शिक्के पडले आणि नदी होती तशी राहिली. पोरांच्या अंगावर चट्टे उठायचे, आणि प्रोसेसचा मालक शेठ देवळाला कळस द्यायचा. मग एका सकाळी शेठच्या प्रोसेसच्या कंपाउंडवर ती नळातली साडी उगवली. गाव लोटलं बघायला. दुपारी नगरपालिकेनं चुना फासला. एरवी गटार तुंबलं तर महिना लावणारी माणसं, पण चुना कसा त्याच दुपारी!

पुढच्या आठवड्यात तेच चित्र चाळीस ठिकाणी निघालं. चहाच्या टपरीवर, रेशन दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, सलूनमध्ये. कुणीतरी गुपचूप ठेवून गेलेलं. एका भिंतीवर पुसलं, ते चाळीस भिंतींवर गेलं. मग पुढचं चित्र, परत चुना, परत चाळीस. अशी अकरा झाली. शेठनं बदनामीची आणि नुकसानीची केस घातली, अज्ञात इसमावर. अज्ञात इसम सापडला नाही, केस तशीच उघडी राहिली, आणि एक दिवस चित्रं थांबली.

नंतर पुण्या-मुंबईच्या लोकांना शोध लागला, की ही कला आहे. ज्या कागदावर टपरीवाल्यानं भजी काढली होती तो कागद काचेत गेला. पुण्याचा एक दलाल गावात फिरायला लागला. त्यानंच नेताजीच्या डोक्यात भरवलं, की मधोमध बोटभर पट्टा पडलेल्या प्रती म्हणजे फेकायचा माल. छापणाऱ्याची चूक. खरा शौकीन साफ प्रत ठेवतो. नेताजीकडच्या सगळ्या प्रती पट्ट्याच्याच होत्या. त्यानं पदरचे पैसे घालून एकेक साफ प्रत दलालाकडून घेतली आणि पट्टेवाली बायकोकडं दिली. “गादीखाली अंथर. कागद जाड हाय, फळ्या टोचायच्या न्हाईत.”

दलालानं पट्टेवाली परत मागितली तेव्हा शालन, म्हणजे नेताजीची बायको, एकेकाळी प्रोसेसमध्ये साड्या छापणारी, दारातूनच म्हणाली होती, “ढेकणाचं औषध मारलंय त्यांवर. पायजे तर न्या, खाजवत बसा.” दलाल परत फिरकला नाही.

*

दस्तगीरचा एक गाल झाला आणि दारात गाडी थांबली. शेठचा मॅनेजर उतरला. मागोमाग पेटी घेतलेली एक तरुण बाई. केतकी पोंक्षे, पुण्याहून आलेली, हातवाचन करणारी.

नेताजी त्यांची वाटच बघत होता. शेठ गावात कलादालन बांधत होता. हो, तोच शेठ. ज्याच्या तोंडावर चित्र काढलं तोच आता चित्राला काच बसवणार होता. दालनात एक आख्खी खोली भोंग्याची, आणि खोलीवर संगमरवरी पाटी, ‘संकपाळ संग्रह’. अट एकच. चित्रांचं हातवाचन करून अस्सलपणाचा दाखला घ्यायचा.

“घाबरू नका, चित्राला धक्का लागत नाही,” केतकीनं पेटी उघडली. आतून इस्त्रीएवढं एक यंत्र निघालं. “तुम्ही रोज वस्तरा धरता ना? हात हलतो का?”

“माझा? इतक्या वर्षांत एक कान कापला न्हाई.”

“तरी हलतो. सगळ्यांचा हलतो. एका सेकंदात आठ-दहा वेळा. डोळ्याला दिसत नाही, पण थांबवताही येत नाही. स्नायू, नसा, लहानपणी मोडलेलं हाड, जन्मभराचं काम, या सगळ्यांची मिळून त्या थरथरीची एक चाल बनते. दोन माणसांची चाल सारखी नसते. सह्यांच्या बनावट नकला व्हायला लागल्यावर बँकांनी हातखूण घ्यायला सुरुवात केली, ती हीच.”

नेताजीनं मान हलवली. बँकेत काचेच्या पट्टीवरून बोट ओढून त्यानंही हातखूण दिली होती. शालनची झाली होती. गावात कुणाची राहिली नव्हती. त्याशिवाय रेशनसुद्धा मिळायचं नाही.

“आता स्क्रीनची छपाई कशी होते? जाळीदार कापडावर रंग ओतायचा आणि रबराची पट्टी दाबून ओढायची. त्या पट्टीला स्क्विजी म्हणतात. हात थरथरला की दाब बदलतो, दाब बदलला की रंगाचा थर किंचित जाड-पातळ होतो. केसाच्या हजाराव्या भागाएवढा. रंग वाळला की ती थरथर कायमची तिथं बसते. मी तिरपा उजेड टाकून थर मोजते, थरावरून लहर काढते आणि लहरीवरून हात.”

“आणि हातावरून नाव,” मॅनेजर म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला.

केतकीनं प्रयोग करून दाखवला. नेताजीनं जुन्या वर्तमानपत्रावर कंगव्यानं कलपाची एक रेघ ओढली. यंत्र वरून फिरलं, पडद्यावर नाव आलं. नेताजी दगडू संकपाळ. बाकावरची गिऱ्हाइकं उभी राहिली.

“आयला! माझ्या बापाचं नाव बी!”

“आता गंमत बघा. दोघांनी मिळून कंगवा धरा. काका, तुम्ही या,” केतकी खुर्चीतल्या दस्तगीरला म्हणाली.

दस्तगीरनं हात कापडाच्या आत ओढून घेतले. “माझं हात ओलं हाईत.”

मग भाजीवाला आप्पा पुढं झाला. दोघांनी एकच कंगवा धरून रेघ ओढली. पडद्यावर आलं, ओळख नाही.

“एका दांड्यावर दोन हात एकदम पडले, की लहरी एकमेकींत मिसळतात. दोन दुधं एकत्र ओतल्यासारखं. मग कुणाचं कुठलं, हे मशीनला सांगता येत नाही. पण एकानं सोडलं आणि दुसऱ्यानं धरलं, तर दोघांचीही नावं वेगवेगळी येतात.”

नेताजीनं हौसेनं पहिलं चित्र उतरवायला स्टूल ओढलं. वळून बघतो तर खुर्ची रिकामी. दस्तगीर एका गालाची दाढी आणि दुसऱ्या गालावरचा फेस घेऊन रस्त्यावरून निघाला होता.

“अवो दस्तगीरभाई! अर्धी ऱ्हायली!”

“उद्या!” तो न थांबता म्हणाला.

केतकीनं नळातल्या साडीवर यंत्र फिरवलं. परत फिरवलं. दुसरं चित्र घेतलं, तिसरं घेतलं. पडद्यावर एकच सरळ, सारखी, कंटाळवाणी लहर.

“संकपाळकाका,” ती हळू म्हणाली, “हा हात नाही. ही मोटर आहे. आपोआप छापणाऱ्या यंत्राची मोटर अशी सारखी गुणगुणते. या चित्रांवर कुणाही माणसाचा हात पडलेला नाही.”

“कुठल्या?”

“कुठल्याच.”

चित्र हातात घेऊन नेताजी स्टुलावर बसला.

मॅनेजरचा चेहरा नेताजीपेक्षा जास्त पडला होता. “दुसऱ्या प्रती असतील की? पट्टा पडलेल्या? सगळ्या गावाला तुम्ही सांगत होता, पट्टेवाल्या टाकून दिल्या म्हणून. शोधा घरात. एक सापडली तरी खोलीवर नाव तुमचंच.”

*

नेताजी घरी आला तो तडक आतल्या खोलीत गेला आणि गादी उचलायला लागला. शालन भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती दारात आली.

“काय करायलाय?”

“पट्टेवाली हितंच हाईत न्हवं? मशीनवाल्या बाईला दाखवायची. माझी अकराच्या अकरा खोटी निघाली, शालन. त्या भाड्यानं फसवलं मला.”

“वाईट झालं. पर ही न्हाई दाखवायची.”

“आगं, एकात जरी हात निघाला तरी नाव ऱ्हातंय माझं!”

“निघंल. म्हणून तर न्हाई.” तिनं पिठाचे हात एकमेकांवर झटकले. “त्यात माझा हात हाय.”

नेताजी हसला. हसायचीच वेळ होती म्हणून हसला. “तू काय भोंगा हाईस?”

“अर्धी.”

गादीचं टोक त्याच्या हातातून सुटलं.

“चित्रं दस्तगीरदादांची,” ती म्हणाली. “रंग त्यांचा, डोकं त्यांचं. आमच्या साडीच्या टेबलावर छापायचो, प्रोसेसची सुट्टी असली की. शेठच्याच शेडमध्ये, शेठच्याच रंगानं. ते टेबल चार फूट रुंद. एका माणसाचा हात पलीकडं पोचत न्हाई. म्हणून साडी छापताना दोघं लागत्यात, समोरासमोर. एकानं स्क्विजी मध्यापर्यंत ढकलायची, मध्ये दुसऱ्यानं धरायची आणि आपल्याकडं ओढून घ्यायची. देता-घेताना एक क्षण हात हलका होतो, तिथं रंग दाट बसतो. आमी त्याला सांधा म्हणतो. साडीत घडीखाली दडतोय. कागदावर दिसतोय.”

“पट्टा,” नेताजी म्हणाला.

“तुमी पट्टा म्हणताय.”

तो कॉटच्या कडेला बसला. ज्या सुट्ट्यांना ती ओव्हरटाईम सांगून जायची त्या त्याला आठवल्या. तोंडात आलं ते त्यानं बोलून टाकलं. “इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी त्या माणसाबरोबर…”

“जैनबवहिनी दारात तांदूळ निवडत बसायची, राखणीला. दादांची बायको. आता काय इचारायचं ते इचारा.”

विचारण्यासारखं काही नव्हतंच. टोचत होतं ते वेगळंच. रोज जेवताना त्यानं भोंग्याचं कौतुक केलं होतं, आणि भोंग्याचा अर्धा हात समोर बसून त्याला कालवण वाढत होता.

“तू रोज ऐकत होतीस.”

“ऐकत होते. बरं वाटायचं. मग तुमी पट्ट्याला घाण म्हणायला लागला, तवा वाईट वाटलं.”

“मग बोलायचं की माझ्याजवळ!”

“आणि तुमी गप बसला असता?” शालन शांतपणे म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. “वस्तरा हातात आला की तुमचं तोंड सुटतंय. पोरीच्या लग्नाची बोलणी आपल्या आधी भाजीवाल्या आप्पाला कळली. केस अजून उघडी हाय. दादा आता सत्तरीला आलंत. त्यांना कोर्टात उभं करणार? मला करणार? शेठला कला-बिला काय कळत न्हाई, त्याला हात पायजेत आमचे. म्हणून दालन.”

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी दोघांतलं कुणी हललं नाही.

त्या रात्री तो खाली सतरंजीवर झोपला. शालननं विचारलं तर म्हणाला, “चित्रांवर किती वर्षं झोपायचं?”

*

सकाळी दस्तगीर आला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरे खुंट. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नेताजीनं कापड बांधलं, फेस केला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला आणि काही बोलला नाही.

“म्हणजे शालनबाईनं सांगितलं,” दस्तगीर म्हणाला.

“व्हय.”

“कापायचा असला तर ह्या बाजूनं काप. ती बाजू झालीय.”

नेताजीला हसू आलं नाही. वस्तरा गालावर ठेवून तो म्हणाला, “दर आठवड्याला हितं बसून माझं भाषण ऐकायचा. मनात हसत असाल.”

“एकदाच. त्या यंत्रावर छापलेल्याला साफ म्हटलास तवा. खरंच साफ होतं, माझ्यापेक्षा. आमच्यानं तसं कधी जमलं न्हाई.” त्यानं डोळे उघडले. “बाकी येत होतो ते ऐकायलाच. घरात बोलायचं न्हाई, बाजारात बोलायचं न्हाई. माझ्या चित्राबद्दल एवढं बोलणारा साऱ्या गावात तू एकटा. चुकीचं बोलायचास, पर बोलायचास.”

वस्तरा थांबला.

“माझं नाव लागणार होतं, दस्तगीरभाई. दगडावर कोरून. न्हाव्याचं नाव या गावात कशावर कोरलंय का? सांगा.”

“न्हाई.”

“मग?”

“माझं बी कशावर न्हाई.” दस्तगीर म्हणाला, “माझं नाव सांग तू. मी म्हातारा. करून करून काय करतील? शालनबाईचं तेवढं वगळ.”

“मशीन वगळत न्हाई. सांध्याच्या अलीकडं तुमी, पलीकडं ती.”

नेताजीनं दुसरा गाल पुरा केला, तुरटी फिरवली. मग वस्तरा पुसायला खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, फेस त्यावर पुसला आणि त्या तुकड्याकडं बघत उभा राहिला.

*

दालनाच्या उद्‌घाटनाला अख्खं गाव होतं. जेवण होतं म्हणून होतं. शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पहिल्या रांगेत बसला होता. नदीत कुठला का रंग असेना, त्याच्या कपड्यांना कधी लागला नाही. व्यासपीठाच्या कडेला केतकी पोंक्षे तिची पेटी घेऊन बसली होती. पाटीवर कापड टाकलेलं होतं.

मॅनेजरनं नेताजीच्या हातात माईक दिला. “दोन शब्द बोला. आणि प्रत सापडली असेल तर इथंच वाचन करू. सगळ्यांसमोर.”

नेताजीच्या आयुष्यात त्याला कुणी दोन शब्द बोलायला सांगितलं नव्हतं. लोक त्याला गप्प बस म्हणायचे. समोर हजारभर माणसं आणि शेजारी पाटीवरचं कापड. कापडाखाली त्याचं आडनाव. त्यानं बायकांच्या रांगेत पाहिलं. शालन पदर दातात धरून बसली होती. ती त्याला खूण करत नव्हती, विनवत नव्हती. ती फक्त बघत होती, स्क्विजी मध्यापर्यंत आलीय आणि समोरचा धरतोय की नाही, तसं.

“मंडळी,” नेताजी म्हणाला, “माझ्याकडं अकरा चित्रं हाईत आणि अकरा बी खोटी हाईत. बाईंनी तपासलं. यंत्रावर छापून एका दलालानं माझ्या गळ्यात मारली. मी शौकीन म्हणवून घेत होतो. मला शौक होता, अक्कल न्हवती.”

मागं कुणीतरी खिदळलं.

“आणि पट्टेवाली?” मॅनेजरनं विचारलं. “ती तर खरी असणार. ती कुठं आहेत?”

“होती. माझ्याकडंच होती.” नेताजीनं माईक जवळ घेतला. “खराब समजून दुकानात नेली. तुकडे केले आणि वस्तरा पुसायला घेतली. कागद जाड, फेस चांगला धरायचा. आप्पा, तुझी बी दाढी पुसलीय भोंग्यावर. पाटलांची पुसलीय. सभापतींची पुसलीय.”

मंडप फुटला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. ‘न्हावी तो न्हावीच’ असंही कुणी म्हणालं आणि त्यालाही हशा झाला. अविश्वास दाखवायचं कुणाला सुचलंच नाही. पट्ट्याला वर्षानुवर्षं नावं ठेवणाऱ्या माणसानं दुसरं काय केलं असणार? आणि न्हाव्यानं चित्राचं सोनं ओळखलं नाही, हे मानायला गावातला प्रत्येक शहाणा आधीपासूनच तयार बसला होता.

एकटा शेठ हसला नाही. त्यानं मॅनेजरकडं पाहिलं, मॅनेजरनं जमिनीकडं.

नेताजीचा माईक धरलेला हात थरथरत होता. डोळ्यांना दिसेल एवढा. केतकीनं तो पाहिला, मग बायकांच्या रांगेकडं पाहिलं, आणि पेटीचं झाकण लावून टाकलं. “वाचायला काहीच शिल्लक नाही,” ती मॅनेजरला म्हणाली. “मी रात्रीच्या गाडीनं जाते.”

पाटीवरचं कापड त्या दिवशी काढलंच नाही. पुढं पाटी पालथी करून कुणीतरी दालनाच्या मागच्या बाजूला धुणं धुवायला घेतली.

*

मग गावानं नेताजीला धरलं. “काय नेताजी, आज कुठलं चित्र लावणार गालाला?” रोजचं झालं. भिंतींवरची अकरा चित्रं त्यानं उतरवली. तिथं अकरा स्वच्छ चौकोन राहिले, बाकीची भिंत किती मळलीय हे दाखवत. त्यानं भाषण बंद केलं नाही, पण क्रिकेटवर आणि पाण्याच्या टाकीवर बोलायचा. ते भाषण कुणाला आवडलं नाही.

एका रविवारी नदी हिरवीगार आली. पोपटी म्हणावी इतकी. दवाखान्यात परत पोरांची रांग लागली. दुपारी नेताजी दुकान लवकर बंद करून शालनला घेऊन दस्तगीरच्या घरी गेला. घरामागच्या परड्यात जैनबवहिनी तांदूळ निवडत होती. दस्तगीर बाजेवर बसून नुसता नदीच्या दिशेला बघत होता.

“परत काढा,” नेताजी म्हणाला.

“मशीन हाय आता.”

“मशीन मुकं करता येतंय. त्या बाईनंच दाखवलं. तुमी आप्पाच्या जागी उभं ऱ्हायला न्हाई म्हणून तुमाला माहीत न्हाई. एकानं सोडलं, दुसऱ्यानं धरलं तर नावं येत्यात. दोघांनी एकदम धरलं तर येत न्हाईत. अलीकडं दोघं, पलीकडं दोघं. सांध्याला चौघं.”

दस्तगीरनं बोटांवर माणसं मोजली. “चौथा कोण?”

“माझा हात इतक्या वर्षांत कुणाच्या कानाला लागला न्हाई,” नेताजी म्हणाला.

“तिसरी?” असं कुणी विचारायच्या आत जैनबवहिनीनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं होतं.

परड्यात दोन दारं जोडून चार फुटांचं टेबल केलं. अलीकडं दस्तगीर आणि नेताजी, पलीकडं शालन आणि जैनब. चित्र दस्तगीरनं एका बैठकीत काढलं. सोनेरी चौकटीत काचेआड वाहती हिरवी नदी, आणि खाली पाटी, ‘हात लावू नये’.

पहिल्या खेपेला नेताजीनं स्क्विजी अशी दाबली, जशी दाढी ओली न करताच वस्तरा ओढावा. रंग कडेनं बाहेर आला. मध्यापर्यंत आल्यावर तो सोडायला विसरला. चार हात एका दांड्यावर अडकले.

“सोडा,” शालन पलीकडून म्हणाली.

“तू धरलंस का?”

“मी कवाचं धरलंय. तुमी सोडा.”

त्यानं सोडलं. दांडा पलीकडं गेला. जाळी उचलल्यावर कागदावर नदी होती, चौकट होती, आणि मधोमध पट्टा. बोटभर नव्हे, चांगला तळहातभर, एका बाजूला फराटा ओढलेला.

शालननं तो कागद उजेडात धरला. “हे खराब हाय. तुमच्या संग्रहाला चालणार न्हाई.”

“दे हिकडं,” नेताजी म्हणाला.

त्या आठवड्यात ते चित्र गावात सगळीकडं निघालं. टपरीवर, रेशन दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, आणि कलादालनाच्या काचेच्या दारावर आतल्या बाजूनं. सही भोंगा. नंबर कुठंच नव्हता, म्हणून पुण्याच्या लोकांना त्याचं काय करावं कळेना. शेठनं यंत्रं मागवली, एक सोडून तीन. तिन्ही यंत्रांनी एकच सांगितलं, ओळख नाही.

सलूनमध्ये अकरा स्वच्छ चौकोनांपैकी एकावर सगळ्यात वाईट प्रत लागली. भाजीवाला आप्पा दाढीला बसला, वर बघितलं आणि म्हणाला, “आरं, तुला बी मिळालं व्हय? पर ह्याच्यात पट्टा केवढा पडलाय! फराटा बी हाय. कुणी छापलं असंल रं असं?”

शेजारच्या खुर्चीवर पाळीची वाट बघत बसलेल्या दस्तगीरनं वर्तमानपत्र खाली केलं आणि नेताजीकडं पाहिलं.

नेताजीनं फेसाचा ब्रश उचलला, तोंड उघडलं.

“मान मागं टाक, आप्पा,” तो म्हणाला. “आणि गप बस. वस्तरा लागंल.”